समोरचा हटला नाही

हिंगणघाट,
१२ जानेवारी १९५८

प्रिय रामा,

भुसावळचा तुझा पत्ता शेवटी नत्थूदादाकडून मिळवला. बदली झाल्याचं तू कळवलं नाहीस. पार्सल ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचे पत्ते वाचणाऱ्याला स्वतःचा पत्ता लिहायचा कंटाळा येत असेल, असं मी धरून चाललो.

पत्राला कारण आहे. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला वर्ध्याला जिल्ह्याचे बास्केटबॉलचे सामने आहेत आणि पंच म्हणून मला बोलावलं आहे. जिल्ह्यात नियम वाचलेला दुसरा कोणी मिळत नाही, एवढीच माझी लायकी. पण खरी बातमी पुढे आहे. यंदा नालवाडीची टीम उतरते आहे. कॅप्टन तुझा पुतण्या कवडू.

डिसेंबरात मी आईला भेटायला आंजीला गेलो होतो. परत येताना वर्ध्यात उतरलो आणि भाड्याची सायकल घेऊन मुद्दाम नालवाडीवरून गेलो. वस्तीच्या कडेला त्यांनी जागा सपाट केली आहे. लोखंडी कडं लोहाराकडून करून घेतलेलं, मागे खोक्याच्या फळ्या. पोरं खेळत होती. कवडू चेंडू आपटत निघाला आणि मी सायकलवरून उतरलो. मान तशीच खाली, डावा खांदा तसाच पुढे. रामा, मला वाटलं तूच निघालास, आणि आता अण्णाजी मास्तर लिंबाखालून ओरडणार.

आपल्या शाळेत इतके मास्तर झाले, पण मला आठवतात ते हेच एक ड्रिल मास्तर. मद्रासला शिकून आले, येताना एक चामड्याचा चेंडू घेऊन आले आणि सगळ्या शाळेला म्हणाले, हा पायाने मारायचा नाही. दोन दिवस लोक त्यांना वेडा समजत होते. पुलगावची मॅच आठवते? परतीची गाडी चुकली आणि आपण स्टेशनवर पेरू खाऊन पोट भरलं. तू त्या दिवशी एकट्याने निम्मे बास्केट केले होतेस. पुलगावचे प्रेक्षक म्हणत होते, "अबे, हा कोणाले सापडतच नाई."

सामन्यांना ये. मी शिट्टी फुंकतो आणि तू बाहेरून माझ्या चुका काढ. संक्रांत दोन दिवसांवर आली आहे. आईने तुझ्या वाटचे लाडू वेगळे काढून ठेवले आहेत, ये म्हणजे मिळतील.

तुझा,
भैय्याजी


भुसावळ,
२१ जानेवारी १९५८

प्रिय भैय्या,

सप्रेम जय भीम. दीक्षा घेतल्यापासून सगळी पत्रं अशीच सुरू करतो. तुला चालेल का, हे विचारत नाही. चालेल हे माहीत आहे.

रजा मिळत नाही. केळीच्या घडांनी प्लॅटफॉर्म भरून गेला आहे, आमच्या साहेबाला पाय ठेवायला जागा नाही आणि तो राग आमच्यावर निघतो. मी भिंतीवर तुझं पत्र टाचून ठेवलं आहे. सोबतचा क्लार्क विचारतो, "थूल, ये क्या सर्टिफिकेट है?" मी म्हणतो, हो, तसंच समज.

नालवाडीची टीम म्हणजे नुसती टीम नाही, बाबा. नागपूरहून दीक्षा घेऊन परत आलो त्या हिवाळ्यात पोट्ट्यांनी ठरवलं की आता आपलं मैदान पाहिजे. दुसऱ्याच्या मैदानावर कडेला उभं राहून चेंडू बाहेर येण्याची वाट पाहायची नाही. बायकांनी टोपल्यांनी मुरूम टाकला. आमच्या कुंतावहिनीने, म्हणजे कवडूच्या आईने, तीन दिवस घरी स्वयंपाक केला नाही; नत्थूदादा चिवडा खाऊन राहिला.

मागच्या उन्हाळ्यात रजेवर होतो तेव्हा कवडूला मीच शिकवलं. त्याला एकच मंत्र दिला. मान खाली, खांदा पुढे, सरळ घूस. समोरचा हटतोच. चार वर्षं मी वर्ध्याच्या, आर्वीच्या, पुलगावच्या पोरांमधून असाच गेलो, एक तरी टिकला का माझ्यापुढे? तूच साक्षीदार आहेस.

संध्याकाळी इथल्या गाड्यांचा आवाज कमी झाला की मला आपलं मैदान आठवतं. चुन्याच्या रेघा, त्या पुसल्या की अण्णाजींचा संताप. चेंडूची हवा गेली की सायकलच्या दुकानात धावायचं. त्या वयात माणसाला एवढंच पुरतं.

तू पंच आहेस म्हणून मी निर्धास्त आहे. पोट्ट्यांना तसं लिहिलंही आहे की भैय्याजी मास्तर आपला माणूस आहे.

तुझा,
रामाजी


भुसावळ,
१२ फेब्रुवारी १९५८

श्री. भैय्याजी झाडे यांस,

जय भीम.

फायनलची हकीकत कवडूच्या पत्राने कळली. वहिनीनेही शेजारच्या पोराकडून लिहवून घेऊन पत्र पाठवलं. दोन्ही पत्रांत एकच आहे. सामना तुमच्या हिंगणघाटच्या मिलच्या टीमशी होता. शेवटचं मिनिट चालू होतं. नालवाडी एका गुणाने मागे होती. कवडू चेंडू घेऊन आत शिरला, मिलचा ओमप्रकाश त्याला आडवा आला, दोघे पडले, चेंडू कड्यातून आत गेला. तुम्ही शिट्टी वाजवली. फाऊल कवडूचा. बास्केट रद्द. तो त्याचा पाचवा फाऊल होता, म्हणून तो मैदानाबाहेर. नालवाडी हरली.

वहिनी लिहिते, लोक ओरडले, "मास्तर, शेवटी जात दाखवलीच ना!" आणि तुम्ही खाली मान घालून उभे राहिलात.

आता पोट्ट्यांनी ठरवलं आहे की तुम्ही पंच असाल त्या सामन्यात नालवाडी उतरणार नाही. कमिटीकडे दुसरा पंच नाही. म्हणजे टीम जिल्ह्यातून बाहेर पडली, असाच त्याचा अर्थ. ते मैदान पुन्हा गुरांचं होईल. तसा कमिटीला द्यायचा अर्ज तयार आहे. माझ्या सहीसाठी थांबला आहे, कारण तुमच्यासोबत खेळलेला वस्तीतला माणूस मीच. मी सही केली तर सगळे करतील.

सही करण्याआधी विचारतो. तुम्ही काय पाहिलं?

रामाजी थूल


हिंगणघाट,
१७ फेब्रुवारी १९५८

प्रिय रामा,

तू मला ‘तुम्ही’ लिहिलंस. ठीक आहे. मी तुला तूच लिहिणार.

मी जे पाहिलं ते सांगतो. ओमप्रकाश कड्याखालच्या पट्ट्याच्या तोंडाशी उभा होता. दोन्ही पाय जमिनीवर, हात वर, तोंड कवडूकडे. कवडू पोचण्याच्या आधीपासून तो तिथे होता. हे मी नीट पाहिलं, कारण माझं लक्ष चेंडूवर नव्हतं. चेंडू फाऊल करत नाही. मी अडवणाऱ्याचे पाय पाहतो आणि नेणाऱ्याचे खांदे.

नियम असा आहे. वाटेत कोणी आधीच पाय रोवून उभा असेल, तर टक्कर टाळणं चेंडू नेणाऱ्याचं काम. त्याने थांबावं, वळावं, नाहीतर चेंडू दुसऱ्याला द्यावा. पण त्याचं डोकं आणि खांदे अडवणाऱ्याला ओलांडून पुढे गेले असतील आणि मग टक्कर झाली, तर दोष अडवणाऱ्याचा. कवडूचे खांदे पुढे गेले नव्हते. त्याचा खांदा सरळ ओमप्रकाशच्या छातीत बसला. शिट्टी माझ्या तोंडात होती, ती वाजली. पाचवा फाऊल आहे, शेवटचं मिनिट आहे, हा कवडू आहे, हे सगळं मला शिट्टी वाजल्यानंतर आठवलं.

लोक जे ओरडले ते मी ऐकलं. मान खाली घातली ती चूक झाली म्हणून नाही. कोणाकडे पाहावं ते कळेना.

त्याचे आधीचे चारही फाऊल असेच होते. सरळ घुसणं. मी पहिल्या अर्ध्यात त्याला बाजूला घेऊन म्हणालो, "कवडू, वळ ना बाबा, समोर माणूस हाय." तो म्हणाला, "थो हटंल ना, मास्तर." अगदी तुझ्यासारखा पळतो रे तो. तीच मान, तोच खांदा.

ओमप्रकाशबद्दल लिहितो. त्याचे वडील उत्तरेकडून मिलमध्ये आले. मुलगा बैलासारखा आहे. समोर कोण आहे हे तो पाहत नाही आणि पाहिलं तरी त्याला फरक पडत नाही. मॅच संपल्यावर बरगडी चोळत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्टरजी, लड़का है कि मालगाड़ी?"

सही करायची का नाही, ते तू ठरव. मी तुझ्या जागी काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

तुझा,
भैय्याजी


भुसावळ,
२५ फेब्रुवारी १९५८

भैय्या,

जय भीम. तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. एक वाक्य घशात अडकलं आहे. ‘अगदी तुझ्यासारखा पळतो.’

मग मला हिशेब समजावून सांग. कवडू माझ्यासारखा पळतो आणि एका मॅचमध्ये पाच फाऊल घेऊन बाहेर जातो. मी तसाच पळत होतो. शाळेची चार वर्षं, किती गावं, किती पंच. माझ्यावर मॅचमध्ये टकरीचा एकही फाऊल कोणी दिला नाही. एकही. तेव्हाचे सगळे पंच आंधळे होते, की आता तू वाकडं पाहतोस?

दोन्हीपैकी एकच खरं असू शकतं. तिसरं काही असेल, तर ते तुला माहीत आहे आणि तू लिहीत नाहीस. शाळेतही तू असाच होतास. फळ्यावर गुरुजींची चूक दिसली तरी सोडून द्यायचास आणि म्हणायचास, नको, गुरुजींना वाईट वाटेल.

तुला माझ्या मैत्रीची शपथ वगैरे घालत नाही. आपण काही नाटकात नाही. सरळ विचारतो, सरळ लिही. अर्ज माझ्या टेबलावर आहे.

रामाजी


हिंगणघाट,
४ मार्च १९५८

प्रिय रामा,

लिहितो.

तुझ्यावर फाऊल झाला नाही, कारण टक्कर झाली नाही. टक्कर झाली नाही, कारण समोरचा हटायचा. तू वेगाने जायचास हे खरं आहे, पण इतक्या वेगाने नाही. तू चार हात लांब असतानाच ते बाजूला व्हायचे. तुझा घाम, तुझा खांदा अंगाला लागू नये म्हणून. मग घरी जाऊन अंघोळ करावी लागेल म्हणून. आर्वीच्या मॅचमध्ये त्यांचा सगळ्यात उंच पोरगा तुझ्या वाटेतून असा सरकला की त्याचा पाय रेघेबाहेर गेला. मी त्याच्याजवळ उभा होतो. त्यांचा कॅप्टन त्याच्यावर ओरडला, तर तो म्हणाला, "मंग तू राह्य ना उभा." कॅप्टनही राहिला नाही.

आणि वर्ध्यात त्या काळी शिवाशिव न पाळण्याच्या सभा किती व्हायच्या, तुला माहीत आहे. सभेत हात वर करणाऱ्यांची पोरंसुद्धा समोरच्या टीमांमध्ये होती. हात वर करणं सोपं होतं. छातीवर खांदा घेणं वेगळं.

प्रेक्षक म्हणायचे, हा कोणाला सापडत नाही. मी ते ऐकून तुझ्याबरोबर हसायचो. तुला आनंद व्हायचा. तो कसा मोडणार? नंतर तू नोकरीला लागलास, वर्षं गेली, आणि आपल्या पत्रांत तो खेळ इतका सुंदर झाला की त्याला हात लावायची मला हिंमत झाली नाही. जानेवारीच्या पत्रात तू समोरचा हटतोच असं लिहिलंस, तेव्हाही मी गप्प बसलो. कवडू पडला तेव्हा मला कळलं की मी नुसता गप्प नव्हतो बसलो, त्याला पाडायला हातभारही लावला होता.

ओमप्रकाश हटला नाही, रामा. एवढंच झालं त्या दिवशी.

आता तुला जे करायचं ते कर.

भैय्याजी


नालवाडी, वर्धा,
१८ एप्रिल १९५८

प्रिय भैय्या,

सप्रेम जय भीम.

दीड महिना उत्तर दिलं नाही. तू काय काय समजला असशील याचा विचार करून मला थोडी मजा आली, हे कबूल करतो. जयंतीसाठी रजा काढून घरी आलो आहे. मिरवणूक झाली, आमचा आवाज बसला, आता निवांत लिहितो.

लेका, तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?

चेंडू आपटत निघालो की समोरच्याचे डोळे मलाच तर दिसायचे. चेंडूवर नसायचे ते. माझ्या अंगावर असायचे. पहिल्या मॅचला मी घाबरून थांबलो होतो. दुसऱ्या मॅचला विचार केला, हे हटतात काय? मग हटू दे. तुम्ही मला विहिरीवरून हटवता, मी तुम्हाला बास्केटखालून हटवतो. त्यांच्या विटाळावर मी चार वर्षं बास्केट केले, भैय्या! पुलगावला तर एकाला मी मुद्दाम मैदानभर पळवलं. तो पुढे पळतोय, मी चेंडू घेऊन मागे. प्रेक्षकांना वाटलं, काय डाव आहे!

मग तुला का विचारलं? कारण इतक्या वर्षांत टीममधल्या एकानेही ते तोंडाने म्हटलं नाही. आपण एका चेंडूने खेळलो, एका गाडीने फिरलो, आणि ही एक गोष्ट सगळ्यांना दिसत होती आणि कोणालाच दिसत नव्हती. ती कोणीतरी लिहावी अशी माझी फार इच्छा होती. तू लिहिलीस. पत्र भिंतीवर टाचलं नाही, खिशात ठेवलं आहे.

तू एक गोष्ट मात्र विसरलास, का मुद्दाम सोडलीस? अण्णाजींनी एकदा प्रॅक्टिसला तुला माझ्यासमोर उभं केलं होतं. म्हणाले, "झाडे, पाय उचलला तर उद्यापासून येऊ नको." तू डोळे मिटून उभा राहिलास. मी हटतोच या भरवशावर आलो आणि धाडकन आपटलो. तुझा ओठ फुटला, माझं कोपर सोललं. आणि अण्णाजींनी शिट्टी वाजवली, बोट माझ्याकडे केलं. "थूल, फाऊल!" तुझ्या आईने, यशोदाबाईंनी, तुला विहिरीवर बसवून डोक्यावर बादल्या ओतल्या, हे तूच दुसऱ्या दिवशी सांगितलंस. मी मात्र त्या संध्याकाळी नालवाडीपर्यंत नाचत गेलो. आई म्हणाली, "काऊन बे, जिंकला काय?" म्हटलं, "नाई मा. माह्यावर फाऊल झाला." ती बिचारी काय समजणार. त्या मैदानावर मी माणसासारखा पहिल्यांदा कोणाला तरी लागलो होतो.

हे सगळं मला माहीत होतं आणि तरी मी कवडूला काय शिकवलं? समोरचा हटतोच. तुझं पत्र वाचून हे लक्षात आलं आणि मी पार्सलवर शिक्का उलटा मारला.

परवा संध्याकाळी मैदानावर गेलो. टीम होती, बाया होत्या. मधोमध उभा राहिलो आणि कवडूला म्हणालो, "चल, घूस."

"काका, लागंल तुमाले."

"लागू दे. घूस म्हनतो ना."

आला. शेवटच्या पावलापर्यंत त्याला वाटत होतं मी सरकेन. मी पाय रोवून उभा. पुढचं मला आठवत नाही. मी उताणा, चेंडू नाल्यात, आणि वहिनी डोक्याशी उभी. "म्हातारपनी काय अवदसा आठवली भाऊजी? पँट फाटली ना मागून!"

"कवडू," मी पडल्या पडल्या विचारलं, "फाऊल कोनाचा?"

तो नाल्यातून चेंडू घेऊन आला. मग म्हणाला, "मले वाटलं तुमी हटान."

"काऊन वाटलं?"

"तुमीच तं सांगतलं व्हतं."

मग मी बसून सगळं सांगितलं. आर्वी, पुलगाव, डोळे, अंघोळी, सगळं. शेवटी टीममधला सगळ्यात बारका म्हणाला, "म्हंजे काका, तुमाले खेळता येतच नव्हतं?" भैय्या, मी इतका हसलो की बरगडीत कळ आली.

कवडू हसला नाही. मी म्हटलं, "ओमप्रकाश हटला नाई, हे चांगलंच झालं म्हना."

"चांगलं कायचं? मॅच गेली," तो म्हणाला. आणि माझ्या हाताला धरून त्याने मला उठवलं.

अर्जावर मी सही केलेली नाही. फाडला पण नाही. तो त्यांचा आहे. टीमचं म्हणणं असं. त्यांनी मिलच्या टीमला इथे खेळायला बोलावलं आहे, ४ मेला, रविवारी. पंच तू. एक मॅच. मग अर्जाचं पाहू. वहिनीचा विरोध आहे, ती म्हणते, "मास्तरचं तोंड मले पाहाचं नाई." पण ती येणार. मैदान तिचं आहे.

माझी रजा उद्या संपते. मी नसेन. त्यामुळे तुझ्या बाजूने बोलणारं तिथे कोणी नाही.

तरी येजो.

तुझा,
रामा


हिंगणघाट,
५ मे १९५८

प्रिय रामा,

काल जाऊन आलो. हातात खडू धरवत नाही इतका उन्हाने भाजलो आहे, पण शाळेला उन्हाळ्याची सुट्टी आहे, म्हणून लगेच लिहितो.

मिलची टीम आणि मी एकाच बसने निघालो. ओमप्रकाश वाटेत म्हणाला, "मास्टरजी, आज वो मालगाड़ी फिर आएगी?" मी म्हटलं, बघू. नालवाडीत उतरलो तेव्हा माझ्याशी कोणी बोललं नाही. एका पोराने पाण्याचा तांब्या आणून दिला आणि तो घेऊन गेला. कुंतावहिनी कड्याच्या अगदी खाली, रेघेला पाय लावून बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "बाई, पाय थोडे मागं घ्या, चेंडू लागंल." त्या माझ्याकडे न पाहता शेजारणीला म्हणाल्या, "आमी कोनाले हटत नसतो." मी चेंडू उचलून मधोमध गेलो.

कवडूने पहिल्या अर्ध्यात फार चेंडू हाताळला नाही. दुसऱ्यांना देत होता. मला वाटलं घाबरला. दुसऱ्या अर्ध्यात तो निघाला. तीच मान, तोच खांदा. ओमप्रकाश पाय रोवून उभा. मी त्या चार पायांकडे पाहत होतो. ओमप्रकाशपासून एक पाऊल अलीकडे कवडू थांबला. रामा, थांबला! चेंडू एकदा जागेवर आपटला, पाठ फिरवली, उजव्या हाताचा चेंडू डाव्या हातात घेतला आणि ओमप्रकाशच्या बगलेतून निघाला. डोकं पुढे गेलं. खांदे पुढे गेले. ओमप्रकाशला कळलं तेव्हा त्याच्याजवळ फक्त कंबर उरली होती, ती त्याने घातली. दोघे गडगडत मुरुमावर.

शिट्टी वाजली. मी बोट ओमप्रकाशकडे केलं.

मिलची पोरं धावून आली. "मास्टरजी, ये क्या?" ओमप्रकाशनेच त्यांना गप्प केलं. त्याने कवडूला काखेत हात घालून उभं केलं, त्याच्या पाठीवरची माती दणादण झटकली आणि म्हणाला, "साले, ये कब सीखा?" कवडू म्हणाला, "परवाच." त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. एक गेला, एक कड्यावर नाचून बाहेर पडला.

तेवढ्याने मी निभावलो असं समजू नकोस. शेवटाकडे पारडं अगदी बरोबरीत होतं. चेंडूसाठी झोंबाझोंबी झाली आणि तो कुंतावहिनींच्या पायाशी बाहेर गेला. मी चेंडू मिलला दिला.

मग काय विचारतोस! वहिनी उठून उभ्या राहिल्या. "डोये फुटले काय मास्तर? माह्या पायापाशी पडला ना चेंडू! मले दिसलं, याले दिसत नाई! चस्मा कायले लावला, शोभेले?" मागच्या बाया सुरू झाल्या. एक म्हणाली, शिट्टी काढून घ्या याची. दुसरी म्हणाली, शाळेत पोट्ट्यायले काय शिकवत असंल हा. कवडूसुद्धा माझ्या तोंडाजवळ येऊन ओरडत होता, "मास्तर, त्याच्या हाताले लागला, त्याच्या!" मी त्याला ताकीद दिली. तो पाठ करून पुटपुटत गेला.

मिल दोन गुणांनी जिंकली. पोरं एकमेकांच्या टीमला शिव्या देत पाणी प्यायली. अर्जाचं कोणी नाव काढलं नाही, तेव्हा मीच कवडूला विचारलं. तो म्हणाला, "थे पाहू नंतर. येत्या रविवारी आमी हिंगनघाटले येतो. तुमीच राहा. पन मास्तर, चेंडूकडं पाहत जा थोडं." अर्ज कुठे आहे ते मला अजून माहीत नाही.

बसमध्ये बसल्यावर मला त्या सगळ्या शिव्या पुन्हा ऐकू आल्या. माझे डोळे, माझा चष्मा, माझी शिट्टी, माझी अक्कल, माझी नोकरी, कशाकशाचा म्हणून उद्धार झाला नाही! माझ्या जातीचं मात्र कोणी नाव घेतलं नाही. एवढ्या रागातही कोणाला ते सुचलं नाही. मी खिडकीकडे तोंड करून एकटाच हसत होतो, आणि ओमप्रकाश मागच्या सीटवरून विचारत होता, "मास्टरजी, तबीयत ठीक है?"

आणि रामा, चेंडू कवडूच्याच पायाला लागून बाहेर गेला होता. मी स्वच्छ पाहिलं. वहिनींना सांगायला मात्र गेलो नाही.

तुझा,
भैय्या